काळ्या मातीवरचं घर: भिंतीच्या भेगा, खचलेली फरशी आणि दुरुस्तीचा क्रम

मे महिन्यात खिडकीच्या कोपऱ्यातून भेग निघते. गवंडी येतो, ती खरवडतो, सिमेंट भरतो, वरून पुट्टी आणि रंग. ऑगस्टमध्ये भिंत छान दिसते. पुढच्या उन्हाळ्यात भेग परत येते, कधी त्याच जागी तर कधी भरलेल्या पट्टीला चिकटून शेजारून. मग दुसरा गवंडी, भारीतलं केमिकल, पुन्हा रंग. अकोला, अमरावती, परभणी, जळगाव, सोलापूर, कुठेही नव्या वस्तीत फिरलात तर अशी तीनतीनदा भरलेली भेग दाखवणारा घरमालक भेटतोच. तो बहुतेक वेळा सिमेंटला किंवा ठेकेदाराला दोष देत असतो. ठेकेदार दोषी असूही शकतो, पण असल्या बहुतेक घरांत खरा प्रश्न जोत्याच्या खाली असतो, आणि तो पाण्याचा असतो. दुरुस्तीचा पैसा वाया जातो तो मुख्यतः क्रम चुकल्यामुळे. आधी पाणी आणि त्याच्या जोडीला मोजमाप, मग पाया, आणि सगळ्यात शेवटी भेग. आपल्याकडे याच्या बरोबर उलटं चालतं.

माती हलते म्हणजे काय

दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन आपली काळी माती तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. या खनिजाचे अतिशय पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि पापुद्र्यांमधली पकड ढिली असते. पाणी त्या फटीत शिरतं आणि पापुद्रे एकमेकांपासून दूर ढकलतं. भिजलेली वही जशी जाड होते, तशी माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेलं की आक्रसते. शेतात मे महिन्यात पडणाऱ्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. कापसाला ही माती मानवते, कारण ती ओल धरून ठेवते. घराला ती मानवत नाही, कारणही तेच.

जुनी माणसं हे ओळखून होती. शेती काळीत आणि गाव पांढरीत, अशी विभागणी होती. पांढरीतली माती राखेची, मातीच्या पडलेल्या भिंतींची, पिढ्यान्‌पिढ्या तुडवलेली. ती फारशी फुगत नाही. आता गावठाण भरलं, शेतं बिगरशेती झाली, प्लॉट पडले, आणि ज्या जमिनीवर पूर्वी कुणी गोठाही पक्का बांधला नसता तिथे दोन बेडरूमचे बंगले उभे राहिले. आजोबांच्या वाड्याला शंभर वर्षांत तडा नाही आणि आपल्या सात वर्षांच्या घराला आहे, याचं एक कारण हे. (दुसरं कारण असं की जुन्या मातीच्या आणि चुन्याच्या भिंती थोडं वाकणं सहन करतात. सिमेंटची भिंत कडक असते. ती वाकत नाही, तडकते.)

अजून एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. फुगणारी माती वरच्या दिशेनं दाब देते. चार मजली इमारतीचं वजन तो दाब पुष्कळदा दाबून टाकतं, एकमजली घराचं वजन कमी पडतं. म्हणून हलकी बांधकामं आधी बोलतात: कंपाउंडची भिंत, बाहेरचा संडास, पोर्च, जिन्याखालची खोली. घर घ्यायला गेलात तर हॉलच्या टाइल्स बघण्याआधी कंपाउंडची भिंत बघा. ती लाटेसारखी वरखाली झालेली असेल तर माती काय आहे हे तिनं सांगितलंच.

माती किती फुगणारी आहे हे ओळखायची एक सोपी चाचणी आहे, आणि ती इतकी देखणी आहे की सविस्तर सांगतो. कोरडी केलेली, बारीक चाळलेली १० ग्रॅम माती घ्यायची आणि १०० मिलिलिटरच्या काचेच्या मोजपात्रात टाकायची. तेवढीच माती दुसऱ्या मोजपात्रात. एकात शुद्ध पाणी भरायचं, दुसऱ्यात रॉकेल. काचेच्या कांडीनं हलवून अडकलेली हवा काढायची आणि २४ तास तसंच ठेवायचं. रॉकेल पापुद्र्यांत शिरून माती फुगवू शकत नाही, म्हणून त्या पात्रात मातीचा मूळ आकार दिसतो. पाण्याच्या पात्रात ती फुगून वर आलेली असते. समजा रॉकेलमध्ये १० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत आणि पाण्यात १८ पर्यंत आली, तर माती मूळच्या ८० टक्क्यांनी वाढली. यालाच मुक्त फुगवटा म्हणतात. ५० टक्क्यांच्या आत असेल तर फारशी काळजी नाही, ५० ते १०० मध्यम, १०० च्या वर धोक्याची आणि २०० च्या वर अतिशय धोक्याची, असं भारतीय मानकांत धरलं जातं. मातीपरीक्षणाच्या कुठल्याही प्रयोगशाळेत ही चाचणी होते आणि सगळ्या चाचण्यांत ती स्वस्त पडते. बांधकामाआधी ती करून घेणारे मात्र फार थोडे.

आता खोलीचा हिशेब. आपल्याकडच्या काळ्या मातीत ऋतूनुसार ओल कमीजास्त होते ती साधारण साडेतीन मीटरपर्यंत. त्याखाली ओल बऱ्यापैकी स्थिर असते. आणि साध्या घराचा पाया किती खोल? एक, फार तर दीड मीटर. म्हणजे माती जिथे सगळ्यात जास्त हलते, त्याच थरात आपण पाया टाकून बसतो. मीटरभरावर कडक मुरूम लागला तर प्रश्नच नाही. पण तापी-पूर्णेच्या खोऱ्यात किंवा गोदावरीच्या काठाला काळी माती संपता संपत नाही.

भेग वाचायची कशी

प्रत्येक भेग पायाची नसते, हे आधी सांगायला हवं, नाहीतर हा लेख वाचून निम्मे लोक झोप घालवतील. गिलाव्यावर जाळीसारख्या केसाएवढ्या रेघा असतील तर गिलावा घाईत वाळला, एवढाच अर्थ. आरसीसी कॉलम आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथली उभी सरळ रेघ, किंवा बीमखाली धावणारी आडवी रेघ, ही दोन वेगळ्या सामानांच्या सांध्याची असते. तिथे जाळी न मारता गिलावा केलेला असतो. गच्चीच्या स्लॅबखालची आडवी भेग बऱ्याचदा उन्हानं स्लॅब ताणल्यामुळे पडते. या सगळ्या त्रासदायक आहेत, पण त्यांच्यासाठी पाया उकरायचा नसतो.

पायाची भेग तिरकी असते. ती दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून निघते, कारण भिंत तिथे दुबळी असते, आणि विटांच्या दरजांमधून पायऱ्यापायऱ्यांनी चढते. ती भिंतीच्या दोन्ही बाजूंना, आतून आणि बाहेरून, त्याच जागी दिसते. आणि ती एका टोकाला रुंद व दुसऱ्या टोकाला निमुळती असते. हा निमुळतेपणा फार कामाचा. भेग वर रुंद असेल तर घराचे कडेचे भाग खाली गेलेत किंवा मधला भाग वर आलाय. खाली, जोत्याजवळ रुंद असेल तर मधला भाग खचलाय किंवा कडा उचलल्या गेल्यात.

काळ्या मातीत हे दोन्ही एकाच घरात, वेगवेगळ्या महिन्यांत घडू शकतं. उन्हाळ्यात घराच्या कडेची माती वाळते, आत घराच्या सावलीतली ओली राहते, म्हणून कडा बसतात. पावसाळ्यात कडेची माती आधी भिजते आणि कडा उचलल्या जातात. त्याशिवाय वर्षानुवर्षं चालणारी तिसरी गोष्ट असते. घरानं जमीन झाकल्यामुळे मधली ओल वर उडून जाऊ शकत नाही, ती साठत राहते, आणि पाच-सात वर्षांत हॉलच्या मधोमध फरशी फुगून येते. गोटी ठेवली तर ती भिंतीकडे घरंगळते. लोक त्याला ‘फरशी उठली’ म्हणतात आणि टाइल बसवणाऱ्याला शिव्या देतात.

आता कळलं असेल की मे महिन्यात भरलेली भेग का टिकत नाही. भेग तेव्हा सर्वांत जास्त उघडी असते. तिच्यात कडक सिमेंट भरलं की पावसाळ्यात भिंतीला मिटायला जागा उरत नाही. भिंत त्या पाचरीवर दाबली जाते आणि शेजारी नवीन जागा फोडते. पावसाळ्यात मिटलेली असताना भरली तर उन्हाळ्यात उघडतेच. थोडक्यात, माती हलत आहे तोवर भरायला कुठलाही महिना शुभ नाही.

दरवाजा अडकणं हे लोकांचं आवडतं लक्षण. पावसाळ्यात लाकूड स्वतःच फुगतं, त्यामुळे नुसतं अडकणं हा पुरावा नाही. दार बंद करून चौकटीतली फट बघा. फट सगळीकडे सारखी असेल तर लाकूड फुगलंय. वर एका कोपऱ्यात शून्य आणि दुसऱ्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी असेल तर चौकटच तिरकी झालीय, म्हणजे भिंत हललीय.

यानंतर मोजायला लागायचं. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी रेघ मारून तारीख लिहा. भेगेच्या दोन बाजूंना एकेक बारीक खिळा ठोका आणि दर महिन्याला त्यांच्यातलं अंतर व्हर्नियरनं मोजा. पूर्वीपासून वापरात असलेली युक्ती म्हणजे भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवणं. भिंत हलली की काच तडकते. पण काच फक्त ‘हललं’ एवढंच सांगते, किती आणि कुठल्या दिशेनं ते खिळे सांगतात.

फरशीसाठी गवंड्याकडचा लेव्हल पाइप पुरतो: पाणी भरलेली पारदर्शक नळी. आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. एका भिंतीवर जमिनीपासून मीटरभर उंचीवर खूण करायची, नळीचं एक टोक तिथे धरायचं, दुसरं टोक घेऊन माणसानं खोल्याखोल्यांतून फिरायचं आणि पाणी जिथे थांबेल तिथे खुणा करत जायच्या. दाराच्या चौकटी, कोपरे, भिंतीचा मध्य, एकही सोडायचा नाही. मग प्रत्येक खुणेपासून खाली फरशीपर्यंत टेप लावायची आणि आकडे घराच्या नकाशावर लिहायचे. कुठे ९९ सेंटिमीटर, कुठे १०३. कागदावर घराचा चढउतार समोर येतो. सहा महिन्यांनी तोच खेळ पुन्हा केला की काय हललं ते कळतं, कारण कधीकधी फरशी पहिल्या दिवसापासूनच वाकडी बसवलेली असते.

हे मोजमाप किमान एक उन्हाळा आणि एक पावसाळा बघेपर्यंत चालू ठेवायचं. भेगेची रुंदी तोलायला ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटची वर्गवारी वापरतात: १ मिलिमीटरपर्यंत किरकोळ, ५ पर्यंत रंगरंगोटीच्या जोडीला थोडी डागडुजी, ५ ते १५ म्हणजे दखल घेण्याजोगी, १५ ते २५ गंभीर, आणि २५ च्या पुढे इमारत अस्थिर होण्याची भीती. थांबून मोजत बसायचं नाही अशाही काही वेळा असतात. भिंत बाहेर पोट काढत असेल, बीम किंवा तुळई टेकणीवरून सरकलेली दिसत असेल, भेग आठवड्यागणिक वाढत असेल, शेजारच्या प्लॉटवर तळघरासाठी खोल खोदकाम सुरू झाल्यावर अचानक तडे गेले असतील, तर खोली रिकामी करा आणि त्याच दिवशी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

आधी पाणी

मोजमाप चालू असतानाच हे काम करून टाकायचं, कारण त्यात तोटा काहीच नाही. घरातला कुठला कोपरा हललाय हे कळलं की त्या कोपऱ्याच्या बाहेर जाऊन उभं राहायचं आणि पाणी कुठून येतं ते शोधायचं. बऱ्याचदा उत्तर समोरच असतं. गच्चीचा पाइप जोत्याशीच संपलेला असतो. न्हाणीचं पाणी उघड्या नालीतून भिंतीलगत जातं. पाण्याच्या टाकीचा ओव्हरफ्लो रोज पहाटे तासभर एकाच जागी पडतो. भिंतीला लागून कुंड्या आणि अळूचा वाफा असतो. आणि शोषखड्डा! जागा वाचवायला तो भिंतीपासून हातभर अंतरावर खणलेला असतो. म्हणजे एका कोपऱ्याला बारा महिने ओल, बाकीच्या तीन कोपऱ्यांना फक्त पावसाळ्यात. घर वाकडं होणार नाही तर काय होईल? सगळी माती सारखी हलली तर घर एकसंध वरखाली होतं, फारसं बिघडत नाही. बिघडतं ते एक भाग हलला आणि दुसरा जागच्या जागी राहिला म्हणजे.

झाडं उलट्या दिशेनं तेच काम करतात. निलगिरी, सुबाभूळ, पिंपळ उन्हाळ्यात मातीतली ओल ओढून घेतात आणि तेवढाच कोपरा जास्त बसतो. झाडाची उंची जेवढी, तेवढं तरी अंतर घरापासून ठेवावं, असा अंदाज धरतात. मोठं झाड एकदम तोडलं तर मात्र पंचाईत होते. वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली माती पाणी प्यायला लागते आणि कोपरा वर उचलला जातो. त्यामुळे झाड तोडण्याआधी फांद्या छाटून त्याची पाण्याची भूक कमी करून बघावी.

मग घराभोवती पट्टा. जोत्याला लागून सगळ्या बाजूंनी किमान एक मीटर, जमल्यास दीड-दोन मीटर रुंद फरसबंदी करायची आणि तिला बाहेरच्या दिशेनं मीटरला तीन-चार सेंटिमीटर उतार द्यायचा. खाली जाड प्लास्टिक अंथरायचं, त्याखाली मुरूम चोपायचा, आणि जोतं व पट्टा यांच्या सांध्यात डांबरासारखं लवचीक काहीतरी भरायचं. सिमेंटनं तो सांधा कडक केला की तो पहिल्याच वर्षी उघडतो. पट्ट्याचा उद्देश पाणी आत जाऊ न देणं हा आहेच, पण उन्हाळ्यात कडेची माती वाळू न देणं हाही आहे, आणि तो विसरला जातो. म्हणून अर्धा मीटर रुंदीचा नावापुरता पट्टा करण्यात अर्थ नाही.

अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये, डॅलसच्या आसपास, अशीच फुगणारी चिकणमाती आहे. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींना घर घेतल्यावर शेजारी सांगतात की उन्हाळ्यात पायाला पाणी घाला. घराभोवती झिरपणारी नळी टाकून माती बारा महिने सारखी ओली ठेवायची, हा तिथला उपाय. तत्त्व तेच, ओल बदलू द्यायची नाही. मराठवाड्यात एप्रिलमध्ये पायाला पाणी घालायला निघालात तर मात्र गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आपल्याला फरसबंदीच बरी.

पाण्याची सोय केल्यावर माती लगेच शांत होत नाही. एखाददुसरं वर्ष जातं. पण माझ्या मते एकमजली घरांच्या तक्रारींतल्या पुष्कळशा इथेच संपतात आणि पायाला हात लावायची वेळच येत नाही.

फरशी खचते तेव्हा

फरशी खचणं आणि पाया खचणं या बहुतेक वेळा वेगळ्या गोष्टी असतात. भिंती पायावर उभ्या असतात, फरशी जोत्याच्या आतल्या भरावावर. भिंतीला भेग नाही, पण भिंत आणि फरशीच्या मध्ये फट पडलीय, स्कर्टिंग हवेत लोंबकळतंय, तर पाया ठीक आहे आणि भराव बसलाय. बांधताना पायातून निघालेली काळी मातीच, वर थोडा राडारोडा टाकून, जोत्यात परत ढकललेली असते. चोपलेली नसते. दोन पावसाळ्यांत ती बसते. त्यातून न्हाणीघराचा पाइप गळत असेल तर ती वाहूनही जाते. आणि घुशी! घूस जोत्याखाली भराव पोखरून खोलीच्या खोली पोकळ करते. लाकडी दांडक्यानं टाइलवर टकटक करत जा. भरीव आणि पोकळ आवाज कुणालाही ओळखता येतो. पोकळ भाग खडूनं आखला की पोकळी केवढी आहे ते दिसतं.

वरून टाइलवर टाइल चढवणं हा यावरचा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी उपाय. फरशी काढावीच लागते. खालचा भराव निदान अर्धा-पाऊण मीटर, काळी माती असेल तर जमेल तेवढा, काढून टाकायचा. गळका पाइप, घुशीचं बीळ, जे असेल ते बंद करायचं. मग मुरूम भरायचा, पण थराथरानं. एक थर पंधरा ते वीस सेंटिमीटरचा, त्यावर पाणी शिंपडायचं, धुम्मस मारायचा, मग पुढचा थर. दिवसाअखेर सगळा मुरूम एकदम ओतून वर पाणी सोडून देणारा मुकादम असेल तर त्याला थांबवा, कारण असा भराव पुढची तीन वर्षं बसतच राहतो. वर दगडांचं सोलिंग, त्यावर काँक्रीटचा थर, मग फरशी.

मुरमाबद्दल थोडं. मुंबई आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दाखवून दिलं की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा पुरेसा जाड, साधारण मीटरभराचा थर चोपून टाकला तर खालचा फुगवटा बराच दबतो. कालव्यांच्या अस्तरीकरणासाठी ही पद्धत वापरली गेली. आपल्याकडचा चांगला मुरूम या कामाला चालतो. नुसती वाळू चालत नाही. वाळूतून पाणी सरळ खाली जातं आणि काळ्या मातीला आयतं प्यायला मिळतं. काळ्या मातीवर वाळूची गादी टाकायची सवय अजून पुष्कळ ठिकाणी आहे, ती या कारणानं सोडलेली बरी.

पाया खोल नेणं

पाणी आवरलं, वर्षभर मोजलं, तरी भिंत हलतेच आहे, तर मग अंडरपिनिंग. म्हणजे जुन्या पायाखाली शिरून त्याला खोल, स्थिर थरापर्यंत नेणं.

कडक मुरूम दोन-अडीच मीटरवर मिळत असेल तर साधी खड्ड्यांची पद्धत चालते. भिंतीची लांबी एक-सव्वा मीटरच्या तुकड्यांत वाटायची आणि तुकड्यांना क्रमांक द्यायचे, पण शेजारचे दोन तुकडे लागोपाठ येणार नाहीत असे. पहिला तुकडा खणायचा, पायाखाली काँक्रीट भरायचं, पण जुन्या पायाला टेकेपर्यंत भरायचं नाही. पाच-सात सेंटिमीटर फट ठेवायची. काँक्रीट आक्रसतं, ते आक्रसून झालं की दुसऱ्या दिवशी त्या फटीत एकास तीन सिमेंट-वाळूचा अगदी कमी पाण्याचा, मुठीत दाबला तर गोळा होईल एवढाच ओला माल ठोकून ठोकून भरायचा. हीच पायरी काम वाचवते किंवा बुडवते. माल पातळ केला की तो सुकताना आक्रसतो, फट राहते, आणि एवढं खोदकाम करून भिंत जुन्या जागेवरून आणखी खाली बसते. एका वेळी भिंतीच्या लांबीचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग आधाराविना ठेवायचा नाही. दारं-खिडक्यांना आतून टेकू, भिंतीला बाहेरून धिरे, आणि हे सगळं पावसाळ्याच्या बरंच आधी आटोपायचं. उघड्या खड्ड्यात पाणी शिरलं तर दुरुस्तीचं रूपांतर दुर्घटनेत व्हायला वेळ लागत नाही.

माती खोल असेल तर पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर उतरवलेले काँक्रीटचे खांब. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं १९५० च्या दशकापासून या मातीसाठी खास पद्धत विकसित केली: अंडररीम्ड पाइल. दांडा बारीक, तळाशी कांद्यासारखा फुगा, त्याचा व्यास दांड्याच्या साधारण अडीच पट. फुगा साडेतीन मीटरच्या खाली, ओल न बदलणाऱ्या थरात रुतलेला असतो, त्यामुळे वरची माती फुगून दांड्याला वर ओढू लागली तरी तो जागा सोडत नाही. हातानं फिरवायच्या ऑगरनंही ही भोकं घेता येतात, मोठं यंत्र लागेलच असं नाही. नव्या घराला हा उपाय उत्तम. जुन्या घराला भिंतीच्या आत-बाहेर पाइलच्या जोड्या घेऊन, जोत्यातून आरपार आडवा बीम घालून, भिंत त्यावर तोलतात. हे काम खर्चिक आहे आणि इंजिनिअरच्या नकाशाशिवाय करायचं नाही. पाइलवरचा बीम जमिनीला टेकवायचा नसतो. खाली निदान आठ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवतात, म्हणजे फुगणारी माती बीमला उचलणार नाही. ही मोकळी जागा बघून ‘काम अर्धवट राहिलं’ म्हणत तिथे विटा भरून देणारे उत्साही लोक मी पाहिलेत.

एक कोपरा खचला म्हणून फक्त तोच कोपरा खोल नेणं, हा मोहात पाडणारा मार्ग. तो कोपरा आता हलत नाही आणि उरलेलं घर मात्र ऋतूप्रमाणे हलतच राहतं. मग जिथे जुना आणि नवा पाया भेटतात तिथे नवीन भेग पडते. खचण्याचं कारण त्या कोपऱ्यापुरतंच असेल, उदाहरणार्थ जुनी बुजवलेली विहीर, तर कोपरा पुरे. कारण माती असेल तर निदान सांध्यापर्यंतचा पूर्ण भाग घ्यावा लागतो.

भेग भरायची वेळ यानंतर येते. गिलावा काढून, भेगेला आडव्या जाणाऱ्या दरजा दर तीस-पंचेचाळीस सेंटिमीटरवर खरवडायच्या, त्यात न गंजणाऱ्या सळ्या भेगेच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर जातील अशा बसवायच्या, दरजा भरायच्या, जाळी मारून गिलावा करायचा.

वाड्यातला झुकलेला मजला

पुण्या-नाशकातल्या, वाई-साताऱ्यातल्या जुन्या घरांत प्रकरण निराळं असतं. तिथे भिंती जाड आणि मजला कडीपाटाचा: भिंतीवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट, त्यावर मातीचा किंवा चुन्याचा थर. मजला मध्ये झोळ खातो, चालताना भांडी वाजतात.

लाकूड मधोमध मोडलेलं फार क्वचित दिसतं. ते कुजतं टोकाला, जिथे भिंतीत शिरलेलं असतं, कारण तिथे ओल असते आणि हवा नसते. वरून सागवान ठणठणीत दिसतं आणि भिंतीतला वीतभर भाग भुसा झालेला असतो. टोकाशी स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघा. सहज बोटभर आत गेला तर झोळाचं कारण सापडलं. वाळवीचे मातीचे बोगदे, भिंतीवरची ओलीची रेघ, वरच्या मजल्यावर नंतर काढलेलं न्हाणीघर, हे तिन्ही एका सरळ रेषेत सापडायची शक्यता दाट.

किती झोळ चालतो? लाकडी बांधकामाच्या भारतीय मानकात सर्वसाधारण मर्यादा लांबीच्या दोनशे चाळिसाव्या हिश्श्याची आहे. १२ फुटी कडीला साधारण दीड सेंटिमीटर. जुन्या वाड्यात याच्या दुप्पट झोळ असूनही मजला भक्कम असू शकतो, कारण भाराखाली राहून लाकूड वर्षानुवर्षं हळूहळू वाकतं आणि तसंच राहतं. म्हणून झोळ किती आहे यापेक्षा तो वाढतोय का आणि टोकं शाबूत आहेत का, हे जास्त महत्त्वाचं.

दुरुस्तीत पहिलं काम वजन उतरवण्याचं. मातीच्या थरावर कोबा, कोब्यावर शहाबादी, शहाबादीवर टाइल्स, असे थर चढत गेलेले असतात. मराठवाड्यातल्या माळवदांवर, म्हणजे मातीच्या सपाट छतांवर, गळती थांबवायला दरवर्षी माती टाकत राहिल्यानं छतं किती जड झाली होती, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात फार महागात कळलं. मग कुजलेली कडी बदलायची, किंवा तिच्या शेजारी तेवढ्याच उंचीची नवी कडी लावून दोन्ही बोल्टनं जखडायच्या. तुळईच्या टोकाखाली लोखंडी ब्रॅकेट किंवा नवा खांब देता येतो. खांब दिला तर त्याच्या तळाशी स्वतःचा पाया हवा. फरशीवर ठेवलेला खांब फरशीसकट खाली जातो.

जॅक लावून मजला उचलायचा तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर, याहून घाई नको. आणि तंतोतंत पाणसळीत आणायचा हट्टही नको. साठ वर्षं त्या वाकासोबत जगलेल्या चौकटी, विभाजनाच्या भिंती, वरचं छप्पर, सगळं त्या आकारात रुळलेलं असतं. मजला एकदम सरळ केला की ते तडकतं. निम्मा झोळ निघाला तरी मी काम थांबवीन.

राहिला प्रश्न काम कुणाला द्यायचं याचा. ज्याच्याकडे जॅक आहे तो जॅक सुचवतो, ज्याच्याकडे ग्राउटिंगचं, म्हणजे पातळ सिमेंट दाबानं आत भरायचं, यंत्र आहे तो ग्राउटिंग. म्हणून निदान करणारा आणि काम करणारा वेगळा ठेवावा: फी देऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल, मग त्यावर दोन-तीन ठेकेदारांची कोटेशनं. अहवालात माती किती खोलीपर्यंत तपासली, फुगवटा किती निघाला, पाणी कुठून येतंय आणि काम कुठल्या महिन्यांत करायचं, हे लिहिलेलं असलं पाहिजे. नुसतं ‘पाया कमजोर आहे’ असं लिहून खाली रक्कम टाकलेली असेल तर तो कागद परत करा.